सुईण ते प्रसाविका : परभणी जिल्ह्याच्या निमित्ताने एका व्यवसायाचा इतिहास

ज्ञातिसंस्थांच्या स्मरणिकांतून इतिहासविषयक लेख प्रसिद्ध होत असतात. त्यांत घराण्यांच्या वंशावळी, वतनांचे कागद, वकील, मामलेदार व मुख्याध्यापक झालेल्या पूर्वसूरींची चरित्रे यांना योग्य ते स्थान मिळालेले आढळते. परंतु आपणां सर्वांस या जगात आणताना ज्या हातांनी प्रथम झेलले, त्या हातांचा इतिहास मात्र कोणत्याही स्मरणिकेत माझ्या पाहण्यात नाही. तो लिहावयाचा तर साधनांची वाण आहे हे खरे. सुईण लिहिती-वाचती नव्हती आणि तिच्याविषयी लिहावे असे लिहित्या-वाचत्यांस कधी वाटले नाही. तरीही या व्यवसायाचे शासकीय अहवाल, कायदे व संस्थांचे वृत्तान्त उपलब्ध आहेत आणि त्यांवरून जे चित्र उभे राहते ते आपल्या सभासद कुटुंबांनी पाहण्यासारखे आहे, अशा समजुतीने हा लेख लिहिला आहे.

जुन्या काळी गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या काठच्या गावांत बाळंतपण हे घरच्या अंधाऱ्या खोलीत होई. खिडकीस वाकळ लावलेली, बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, आणि त्या खोलीत प्रवेश फक्त सुईणीस व घरातील एखाद्या वृद्धेस. सुईण बहुधा अशा जातींतील असे की ज्यांस गावाने वेशीबाहेर वा खालच्या पायरीवर बसविले होते. प्रसूतीचे रक्त विटाळाचे, म्हणून ते काम विटाळलेल्या मानलेल्या स्त्रीचे, असा हा सरळ हिशेब होता. तिला मोबदला म्हणून पायली-दोन पायली जोंधळे आणि मुलगा झाल्यास लुगडे. ज्या स्त्रीवाचून घराचा वंश पुढे चालत नव्हता, तिला बारावा दिवस उलटल्यावर त्याच घराच्या ओट्यावर बसता येत नसे. आपल्याच घरांतून हे घडत आले, तेव्हा त्याची नोंद आपल्याच पानांवर व्हावी हे उचित होय.

सुईणीच्या अंगी कौशल्य नव्हते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. आडवे मूल बाहेरून हाताने वळविणाऱ्या, पोटावर तळहात ठेवून दिवस सांगणाऱ्या स्त्रिया गावोगाव होत्या. परंतु नाळ कापावयास विळा, आणि कापल्यावर तिच्यावर राख वा शेण लावण्याची चाल, यांतून धनुर्वाताचा शिरकाव होई. हा रोग नवजात बालकास बहुधा पहिल्या आठवड्याच्या आगेमागे गाठतो. पाचव्या-सहाव्या रात्री सटवाईची पूजा मांडून मातेने जागे राहावयाचे, या चालीमागे त्या दिवसांतील मृत्यूंचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असावा असा माझा तर्क आहे. विद्वानांनी त्याचा विचार करावा.

या विषयात महाराष्ट्रात पहिली जाणीवपूर्वक पावले पडली ती पुण्यात व मुंबईत. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. अडचणीत सापडलेल्या विधवेने तेथे येऊन सुखरूप बाळंत व्हावे, एवढाच त्याचा हेतू. त्या स्त्रियांची सुश्रूषा सावित्रीबाईंनी स्वतः केली. १८८६ साली मुंबईस केवळ स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. त्याच वर्षी अमेरिकेत डॉ. आनंदीबाई जोशी यांनी वैद्यकीची पदवी मिळविली. पदवीसाठी त्यांनी निवडलेला विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले आपले मूल दहा दिवसांत गमावलेल्या स्त्रीने हा विषय का निवडला, हे सांगावयास नको. १८९१ मध्ये काशीबाई गणपत या मुंबईच्या जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेऊ लागल्या. अशा शिक्षणास आलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री, असे या व्यवसायाच्या इतिहासात नमूद आहे. तिकडे मिरजेस डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या मिशन रुग्णालयासारख्या संस्थांतून मराठी ख्रिस्ती मुलींना हे शिक्षण मिळू लागले. स्वतः फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचा पुण्याच्या सार्वजनिक सभेशी गावांच्या आरोग्याविषयी पत्रव्यवहार होता, हेही येथे सांगण्यासारखे आहे.

२ ऑक्टोबर १९०९ रोजी रमाबाई रानडे यांनी गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने पुणे सेवासदनाची स्थापना केली आणि पुढे थोड्याच काळात तेथील स्त्रिया ससून रुग्णालयात परिचारिका व सुईण यांच्या शिक्षणासाठी जाऊ लागल्या. हा प्रसंग वाटतो त्याहून मोठा आहे. परपुरुषाच्या अंगास हात लावावयाचा, रात्री घराबाहेर राहावयाचे, कोणत्याही जातीच्या रुग्णाचे मलमूत्र उचलावयाचे : या तिन्ही गोष्टी उच्चवर्णीय म्हणविणाऱ्या घरांच्या दृष्टीने एकेकटीही पुरेशा भयंकर होत्या. म्हणून प्रथम ज्या पुढे आल्या त्या बहुतांशी विधवा, परित्यक्ता आणि ख्रिस्ती मुली. ज्यांचे समाजाने आधीच सर्वस्व हिरावून घेतले होते, त्यांच्याजवळ गमावण्यासारखे काही उरले नव्हते. या प्रारंभाची छाया पुढे दीर्घकाळ या पेशावर राहिली. नर्स म्हणजे निराधार बाई, ही समजूत तेथूनच आली.

आपला परभणी जिल्हा या साऱ्या हालचालींपासून दूर होता. तो निजामाच्या राज्यात. मुंबई इलाख्यात १९३५ साली परिचारिका, सुइणी व आरोग्य-निरीक्षिका यांच्या नोंदणीचा कायदा झाला, त्याचा अंमल आपल्याकडे नव्हता. १९००च्या सुमारास मनमाडहून हैदराबादेकडे जाणारा लोहमार्ग परभणीवरून गेला, पण त्या गाडीत बसून शिकावयास जावे तर राजधानीत शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने वैद्यकशास्त्रदेखील उर्दूतून शिकविले, आणि देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग म्हणून स्तुत्यच होता. परंतु गंगाखेड वा जिंतूरच्या मराठी मुलीस, जिला मराठी अक्षरओळखही दुर्मीळ होती, त्याचा उपयोग शून्य. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले, तेव्हा मराठवाड्याच्या वाट्यास जे मागासलेपण आले त्यात शिकलेल्या सुईणीचा अभाव ही मोठी बाब होती.

आता ज्या ग्रंथाने या प्रश्नाची मोजदाद केली त्याकडे वळू. १९४३ साली भारत सरकारने आरोग्याची पाहणी व विकास यांसाठी एक समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद सर जोसेफ विल्यम भोर यांस दिले. हे भोर कोण, याची माहिती फार थोड्या मराठी वाचकांस असते. त्यांचा जन्म १८७८ साली नाशिक येथे, शिक्षण पुण्याच्या बिशप हायस्कुलात व डेक्कन कॉलेजात, नंतर विलायतेत. सनदी नोकरीत प्रवेश, कोचीन संस्थानचे दिवाण, पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद. स्वतंत्र भारताच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा एका नाशिककराच्या अध्यक्षतेखाली तयार झाला, याचा अभिमान वाटण्यास हरकत नाही; आणि आपल्या पाठ्यपुस्तकांतून त्यांचे नाव क्वचितच येते, याची थोडी लाजही वाटावी.

समितीचा अहवाल १९४६ मध्ये चार खंडांत प्रसिद्ध झाला. त्यातील आकडे आजही वाचताना मन सुन्न होते. सुमारे तीस कोटींच्या देशात परिचारिका ७,०००, सुइणी ५,०००, आणि आरोग्य-निरीक्षिका अवघ्या ७५०. म्हणजे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका व ६०,००० लोकांमागे एक शिकलेली सुईण. या मानाने दहा लाख वस्तीच्या जिल्ह्याच्या वाट्यास सोळा-सतरा सुइणी येतात. त्यांतूनही बहुतेक शहरांत असत, तेव्हा खेड्यास काय उरत असेल ते उघड आहे. हजार जिवंत जन्मांमागे सुमारे वीस माता मृत्युमुखी पडत असाव्यात आणि वर्षास दोन लाख स्त्रिया या कारणाने मरत असाव्यात, असा समितीचा अंदाज होता. समितीने नुसते आकडे दिले नाहीत. परिचारिकांची निवासस्थाने, त्यांचे वेतन, त्यांच्याशी होणारी वागणूक यांविषयी तिने स्पष्ट शब्दांत नापसंती व्यक्त केली, आणि हे सुधारल्यावाचून चांगल्या घरच्या शिकलेल्या मुली या पेशाकडे वळणार नाहीत असे बजावले. १९७१ पर्यंत दर ५०० लोकांमागे एक परिचारिका व दर ४,००० लोकांमागे एक सुईण हे तिचे उद्दिष्ट. तातडीच्या योजनेत ४०,००० लोकसंख्येसाठी एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यात दोन डॉक्टर, चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका, एक रुग्णालयीन परिचारिका, चार सुइणी आणि चार शिकविलेल्या दाया असाव्यात असे सुचविले होते. या यादीत डॉक्टरांपेक्षा स्त्री-सेविकांची संख्या कितीतरी अधिक आहे. आरोग्य म्हणजे डॉक्टर, या आपल्या समजुतीस भोर समितीने तेव्हाच छेद दिला होता.

प्रत्यक्षात काय झाले? १९४७च्या अखेरीस भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. २ ऑक्टोबर १९५२ पासून समूह विकास योजना सुरू झाली व तिच्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे आली. पण एका केंद्रावर ४०,००० ऐवजी साठ-सत्तर हजारांचा, कोठे त्याहूनही मोठ्या गटाचा भार, आणि दोन डॉक्टरांच्या जागी एक. पूर्ण शिक्षण घेतलेल्या परिचारिका इतक्या मिळणे शक्य नव्हते, म्हणून १९५०-५१च्या सुमारास दोन वर्षांचा एक नवा अभ्यासक्रम निघाला : साहाय्यकारी परिचारिका प्रसाविका, म्हणजे आपली ए.एन.एम. खेड्यात तिला हे लांबलचक नाव कोणी लावले नाही. ती झाली ‘नर्सबाई’, आणि पुढच्या पिढीत ‘सिस्टर’. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर ही नर्सबाई परिषदेची सेविका झाली. १९६६च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाने सबंध राज्यासाठी नोंदणीची एकच व्यवस्था आली. मराठवाडा नियमाच्या पुस्तकात तरी पुणे-मुंबईच्या बरोबरीस आला.

परंतु नियमाच्या पुस्तकात चिखल नसतो. आपल्या जिल्ह्याची काळी कसदार जमीन कापसास व ज्वारीस जितकी उपकारक, तितकीच पावसाळ्यात पायी चालणारास वैरीण. आषाढापासून पुढे कित्येक गावांचा मुख्य रस्त्याशी संबंध तुटे. अशा गावी वीस-बावीस वर्षांची, बहुधा परजिल्ह्यातील एकटी मुलगी राहावयास येणार. तिला भाड्याने खोली कोण देणार? देणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न तिच्या जातीचा, दुसरा तिच्या लग्नाचा. पाणी कोणत्या विहिरीचे भरावयाचे, हाही प्रश्न त्या काळी होताच. रात्री-अपरात्री बोलावणे आले तर अनोळखी पुरुषाच्या बैलगाडीत बसून जावयाचे. न जावे तर कर्तव्यच्युत, जावे तर गावभर चर्चा. मूल दगावले तर दोष तिचा. सुखरूप झाले तर बोळवण जुन्या सुईणीची, कारण तिचा वंशपरंपरागत हक्क. वरिष्ठांस वाटे की ती मुख्यालयी राहत नाही, गावास वाटे की ती सरकारी आहे. १९९० नंतर अदिती अय्यर व अमर जेसानी यांनी महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील ए.एन.एम.च्या परिस्थितीचा जो अभ्यास केला, त्यातही निवास, सुरक्षितता आणि मान या तीन अडचणी कायम असल्याचे दिसते. भोर समितीने जे १९४६ साली लिहिले, तेच अर्ध्या शतकाने पुन्हा लिहावे लागले.

याच काळात दुसरे एक स्थित्यंतर घडले, आणि माझ्या मते ते अधिक हानिकारक ठरले. १९६५ साली लूप आला, १९६६ पासून कुटुंबनियोजनाची संख्यात्मक लक्ष्ये आली, आणि प्रसाविकेचे काम मोजले जाऊ लागले ते तिने किती बाळंतपणे सुखरूप केली यावरून नव्हे, तर शस्त्रक्रियेसाठी किती ‘केसेस’ आणल्या यावरून. १९७२-७३च्या कर्तारसिंग समितीने तिला बहुउद्देशीय सेविका ठरविले. हिवताप, लसीकरण, नोंदवह्या सारे तिच्या अंगावर आले. १९७७ साली तिचे शिक्षण दोन वर्षांवरून दीड वर्षावर आणले गेले (पुढे ते पुन्हा दोन वर्षांचे करावे लागले). १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या निर्बीजीकरणाचे विधेयक संमत केले. त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, पण नर्सबाई दिसताच लोकांनी दारे लावावीत अशी अवस्था त्या वर्षांनी आणली. लक्ष्यपद्धती अधिकृतपणे रद्द झाली ती एप्रिल १९९६ मध्ये. कुटुंबनियोजन अनिष्ट होते असे नव्हे. ज्या बाईवर गावाने सर्वांत नाजूक वेळी विश्वास टाकावयाचा, तिच्याच हाती हे वसुलीचे काम देणे ही चूक होती.

शेजारच्या श्रीलंकेने दुसरा मार्ग धरला. तेथे १९२६ साली कळुतर येथे पहिले आरोग्य पथक निघाले आणि त्याच्या कामाचा कणा म्हणजे गावात राहणारी, सुमारे तीन हजार लोकांची जबाबदारी असलेली शिकलेली सुईण. तिला घर, वेतन, नोंदणी आणि अडल्या वेळी पाठवावयास रुग्णालय हे सर्व मिळाले. १९३०च्या दशकात लाख जन्मांमागे दोन हजारांच्या वर असलेले तेथील मातामृत्यू झपाट्याने उतरले. १९४७ ते १९५० या तीन वर्षांत ते निम्म्यावर आले. श्रीलंका त्या वेळी श्रीमंत नव्हती.

आपल्या शेजारीही एक प्रयोग झाला. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी, बीड जिल्ह्यास लागून असलेल्या जामखेड येथे काम आरंभिले. प्रथम त्यांनी ए.एन.एम.कडून गावे सांभाळण्याचा प्रयत्न केला. परक्या गावात एकट्या मुलीचा निभाव लागत नाही, हे ध्यानी आल्यावर त्यांनी गावातीलच, बहुधा निरक्षर व कित्येकदा दलित स्त्रियांची निवड केली. ज्या स्त्रीची सावली टाळली जाई, तिला बाळंतिणीच्या खोलीत मानाने बोलावणे येऊ लागले. पुढे गडचिरोलीस डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांस नवजात बालकाच्या घरगुती उपचारांचे शिक्षण दिले, आणि त्यामुळे बालमृत्यू घटल्याचे १९९९ साली जागतिक कीर्तीच्या ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. २००५च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील ‘आशा’ ही कार्यकर्ती अशा प्रयोगांची वारसदार होय. मात्र प्रयोगातील मान सरकारी योजनेत आला नाही. ‘आशा’स वेतन नव्हे, कामागणिक मोबदला ठरला. जुन्या सुईणीच्या पायलीभर जोंधळ्यांची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही.

आजची स्थिती आकड्यांनी पाहिली तर समाधान वाटावे अशी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २००५-०६ साली शेकडा ६४.६ बाळंतपणे संस्थांत होत. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ९४.७ झाले. २०१८-२०च्या नमुना नोंदणी पाहणीत राज्यातील मातामृत्यू लाखामागे ३३, तर देशात ९७ आढळले. एके काळी अंदाजे दोन हजार होते, हे ध्यानी घेता हे केवढे अंतर आहे! तथापि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील दर चार बाळंतपणांत सुमारे एक शस्त्रक्रियेने झाल्याचेही नमूद आहे. विळ्याच्या भयातून सुटलेली बाळंतीण अनावश्यक सुरीकडे गेली काय, असा प्रश्न जाणकार विचारीत आहेत. या प्रश्नाचे उत्तर पुन्हा प्रसाविकेकडेच येते. नैसर्गिक प्रसूती धीराने पार पाडणे आणि धोका वेळीच ओळखणे ही तिची विद्या होय. केंद्र शासनाने २०१८ साली स्वतंत्र प्रसाविका-सेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढून परिचारिकांस अठरा महिन्यांचे विशेष शिक्षण देण्याचे ठरविले. त्याआधीच, २०१७ मध्ये, एके काळी आपल्याच संस्थानात असलेल्या तेलंगणाने या दिशेने आरंभ केला होता. २०२३ मध्ये १९४७च्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा संमत झाला आणि त्याच वर्षी परभणीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

दोन गोष्टी मात्र आकड्यांत मावत नाहीत. पहिली ऊसतोडीस जाणाऱ्या स्त्रियांची. दिवाळीनंतर आपल्या भागातून टोळ्या निघतात त्या उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. तिचे नाव गावच्या नोंदवहीत, आणि दिवस भरतात ते परमुलखातील फडात. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी २०१९ साली शासनास चौकशी समिती नेमावी लागली, हे आपण जाणताच. दुसरी गोष्ट मनुष्यबळाची. २०११च्या शिरगणतीनुसार (हिंगोली १९९९ साली वेगळा झाल्यावर) परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६; तीत ग्रामीण साडेबारा लाखांच्या वर. पाच हजारांस एक उपकेंद्र या दंडकाने सुमारे अडीचशे प्रसाविका केवळ उपकेंद्रांसाठी हव्यात. त्या कोठून यावयाच्या? मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांनी दीर्घकाळ केरळातून आलेल्या मुलींवर भिस्त ठेवली. तेथील कुटुंबांनी या पेशास प्रतिष्ठा दिली व त्याचे फळ त्यांना मिळाले. उपकेंद्रावर मात्र मराठी बोलणारी, येथल्या ओव्या व शिव्या दोन्ही समजणारी मुलगीच हवी.

आणि येथे विषय आपल्या ज्ञातीपर्यंत येऊन ठेपतो. आपल्या वधू-वर सूचक यादीत डॉक्टर, अभियंता, प्राध्यापिका यांच्या पदव्या ठळकपणे छापल्या जातात. परिचारिका असलेल्या मुलीच्या नावापुढे कित्येकदा केवळ ‘नोकरी’ एवढाच शब्द असतो, आणि रात्रपाळीचा उल्लेख टाळण्याकडे पालकांचा कल असतो. मुलीच्या रात्रपाळीस नाके मुरडणारे आपण, आपली सून अडली असता त्याच रात्रपाळीवरील सिस्टर जागी असावी अशी अपेक्षा करतो. करोनाच्या साथीत आपल्यापैकी कित्येकांनी अखेरचे जे मुख पाहिले, ते एका अनोळखी परिचारिकेचे होते.

गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारात परिचर्या अभ्यासक्रमाची मुलगी व्यासपीठावर यावी, आणि तिच्या वसतिगृहाच्या खर्चासाठी शिष्यवृत्ती निधीतून वेगळी रक्कम ठेवावी, अशी सूचना कार्यकारी मंडळाकडे मी करीत आहे. त्याचबरोबर सभासद कुटुंबांस एक विनंती आहे. ज्यांच्या घरातील आई, आत्या, मावशी, आजी यांपैकी कोणी नर्स, सुईण, आरोग्यसेविका वा ‘आशा’ म्हणून काम केले असेल, त्यांनी त्यांचे नाव, शिक्षणाचे ठिकाण व वर्ष, पहिल्या नेमणुकीचे गाव आणि तेथे राहावयास जागा कोणी दिली याची माहिती, शक्य असल्यास छायाचित्रासह, पुढील अंकासाठी संस्थेच्या कार्यालयाकडे पाठवावी. ज्या गावच्या वृद्धांस जुन्या सुईणीचे नाव आठवत असेल, त्यांनी तेही कळवावे. ती आपल्या ज्ञातीची असो वा नसो.